पिल्ले घेतली, पण जात कोणती?

पावसाळा सरत आला की गावोगावी पिल्ले विकणारे फिरू लागतात. मोटारसायकलच्या दोन्ही अंगांना जाळीचे क्रेट बांधलेले असतात, नाहीतर छोटा टेम्पो आणि त्यावर भोंगा असतो. गावरान घ्या, गिरिराज घ्या, कडकनाथ घ्या. पोरे हट्ट धरतात, घरातल्या बाईलाही परसात चार कोंबड्या हव्याच असतात, आणि पंधरा-वीस पिल्ले डालग्यात येऊन पडतात. विक्रेता पुढच्या गावाला निघून जातो. आठवड्याभराने पिल्ले निरखताना शंका येते, कारण सांगितलेले नाव आणि डोळ्यांसमोरचे पिल्लू यांचा मेळ बसत नाही.

जात कळणे ही हौसेची बाब नाही. पिल्लू किती झपाट्याने वाढेल, त्याला किती खाद्य लागेल, अंडी कधी सुरू होतील, कोंबडी खुडूक बसून स्वतःची पिल्ले काढील का, कुत्र्या-मांजरापासून पळून जीव वाचवील का, हे सगळे जातीवर अवलंबून असते. मांसासाठी घडवलेले पिल्लू गावरान समजून परसात सोडले, तर वजन पेलेनासे होऊन ते पायाने अधू होते आणि पहिल्या कडक उन्हात दगावते. हळू वाढणारे पिल्लू लवकर वजन घेईल म्हणून त्याला पोत्यांनी विकतचे खाद्य घातले, तर खाद्याचा खर्चही सुटत नाही. म्हणून विक्रेत्याने सांगितलेले नाव पहिले काही आठवडे बाजूला ठेवा आणि पिल्लाकडे बघा.

एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. दारावर विकल्या जाणाऱ्या पिल्लांपैकी बरीचशी कोणत्याही शुद्ध जातीची नसतात. वनराज आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठी तयार केलेले पक्षी आहेत, गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठात घडले. हे सगळे ठरावीक आई-बापांच्या संकरातून येतात. सध्या गावरान म्हणून सर्रास विकली जाणारी सोनालीही संकरच आहे. ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणि इजिप्तची फायोमी कोंबडी यांच्यापासून ती बांगलादेशात तयार झाली. आपल्याकडची खरीखुरी गावरान कोंबडी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गावात वाढलेला, नाना रंगांचा, कुठल्याच मापात न बसणारा कळप. त्याला नोंदवलेल्या जातीसारखा एक ठरावीक नमुना नाही. महाराष्ट्राशी जोडलेली नोंदणीकृत जात म्हणायची तर ती नंदुरबारकडची आणि लगतच्या गुजरातेतली बुसरा. तेव्हा 'ही शुद्ध कोणती' असे विचारण्यापेक्षा 'ही कोणत्या वळणाची' असे विचारले, तर उत्तर मिळण्याची शक्यता अधिक.

पहिल्या दिवशी काय दिसते

एका दिवसाच्या पिल्लाच्या अंगावरची लव फसवी असते. पाठीवर खारीसारखे पट्टे असलेले तपकिरी पिल्लू गावरान असेल, सोनाली असेल, किंवा रंगीत ब्रॉयलरही असेल. पिवळे पिल्लू पांढऱ्या ब्रॉयलरचे असते तसेच अंड्यांसाठीच्या लेगहॉर्नचेही असते. काळ्या लवेच्या पिल्लाचा मोठेपणी डोक्यापासून शेपटीपर्यंत काळा कोंबडा होईलच असे नाही. डोक्यावर पांढरट ठिपका असलेली कित्येक काळी पिल्ले पुढे करड्या पट्ट्यांची होतात. लवेवरून फार तर अंदाज बांधता येतो.

काही खुणा मात्र जन्मापासून असतात आणि पुढे बदलत नाहीत. सर्वांत आधी पायाची बोटे मोजा. बहुतेक कोंबड्यांना प्रत्येक पायाला चार बोटे असतात. पाचवे बोट दिसले तर सिल्कीसारख्या शोभेच्या जातीचे रक्त त्यात आहे. मग पायाची नळी पाहा. तिच्यावर पिसे आहेत की ती स्वच्छ आहे? नळीवर पिसे असतील तर कोचीन, ब्रह्मा अशा भरदार परदेशी जातींचा संबंध कुठेतरी आला आहे. मान उघडी असेल तर तीही पहिल्याच दिवशी कळते. अशा मोठ्या पक्ष्याच्या छातीच्या वर, गळ्याशी पिसांचा एक सुटा झुबका राहिला असेल, तर आई-बापांपैकी एकाकडूनच तो गुण आला आहे. झुबकाही जवळपास नसेल तर तो दोघांकडून आला आहे. उलट्या पिसांची कोंबडी मात्र या वयात ओळखता येत नाही. तिची पिसे फुटायला लागली की मगच ती उलटी वळलेली दिसतात.

तुरा बारीक असला तरी त्याची ठेवण पाहता येते. मोबाइलचा कॅमेरा जवळ धरून चोचीच्या वरचा भाग मोठा करून बघा. एकच पातळ उभी कड आणि तिला दाते दिसले तर तो साधा, एकेरी तुरा. गावरान, ऱ्होड आयलंड रेड, लेगहॉर्न, कडकनाथ यांचा तुरा बहुधा असाच असतो. तीन बुटक्या ओळी शेजारी-शेजारी दिसल्या तर असीलकडे बोट जाते. त्या पिल्लाची मान लांब, पाय जाड आणि उभे राहण्याची ढब ताठ असेल, तर शंका आणखी पक्की होते.

जत्रेत मिळणाऱ्या गुलाबी, हिरव्या, निळ्या पिल्लांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. तो रंग वरून दिलेला असतो आणि खरी पिसे आली की जातो. ही बहुतेकदा अंड्यांच्या जातीतली नको असलेली नर पिल्ले असतात. लहान मुलांच्या हाती देण्यासाठी ती विकत घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्यांतली फारच थोडी जगतात.

तराजू खोटे बोलत नाही

जात ओळखण्याचे सर्वांत स्वस्त आणि भरवशाचे साधन म्हणजे स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. उबवणीतून निघालेले पिल्लू फार तर ४५ ग्रॅमच्या आसपास असते, मग ते कोणत्याही जातीचे असो. पहिल्या दिवशीच्या वजनावरून काही कळत नाही. पण चौदाव्या दिवशी चित्र बदलते. पोटभर खाद्य मिळालेले ब्रॉयलर तोवर ४०० ग्रॅमच्या पुढे जाते, आणि गावरान पिल्लू १०० ग्रॅमपर्यंतही पोचलेले नसते. वनराज-गिरिराज वळणाची पिल्ले या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतात. सहा आठवड्यांनी ब्रॉयलर दोन किलोच्या आसपास येते, वनराजसारखा पक्षी चांगल्या खाद्यावर पाऊण किलोच्या घरात असतो, आणि गावरान पाव किलोच्या आगेमागे घुटमळत असते. सोनालीला पाऊण किलो व्हायला दोन महिने लागतात.

या आकड्यांत खाद्य, ऊब आणि आजारपण यांमुळे थोडाफार फरक पडतो. पण चारशे ग्रॅम आणि शंभर ग्रॅम यांतला फरक कुठल्याही उपासमारीने झाकला जात नाही. तरीही तुलना नीट व्हावी म्हणून पहिले दोन आठवडे सगळ्यांना सारखेच स्टार्टर खाद्य द्या. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली साधारण ३५ अंश तापमान ठेवा आणि पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी करत जा. थंडीने गारठलेले, तांदळाच्या कण्यांवर वाढवलेले पिल्लू तोलून निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही.

वजन वाढत असताना चालही पाहावी. ब्रॉयलर पिल्लू पाय फाकवून उभे राहते, खाद्याच्या भांड्यापाशी बसूनच खाते, पोटाखालची कातडी उघडी पडते. गावरान किंवा सोनाली पिल्लू दहाव्या दिवशीच खोक्याच्या काठावर उडी मारू लागते. फायोमीचे रक्त असलेली पिल्ले हाताला सापडत नाहीत, शेपटी उंच ठेवतात, आणि त्यांतले कोंबडे लवकर वयात येतात. 'रंगीत गावरान' म्हणून घेतलेली पिल्ले तिसऱ्या आठवड्यात बदकासारखी डुलत चालू लागली, तर ती रंगीत ब्रॉयलर आहेत असे समजा. त्यांना अंड्यांसाठी वर्षभर सांभाळण्याचा विचार सोडून वेळेवर विकणेच हिताचे.

कडकनाथचा प्रश्न वेगळा

सर्वाधिक फसवणूक कडकनाथच्या नावावर होते, म्हणून तिथे जरा थांबू. कडकनाथ ही मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलिराजपूर, धार भागातली जात. भिल्ल आणि भिलाला समाजाने ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि मागणी एकदम वाढली. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरातून सुरू झालेल्या कडकनाथ पालनाच्या योजनेत शेतकऱ्यांचे मोठे नुकसान झाल्याचे उघड झाले. भावाच्या आणि खरेदीच्या मोठ्या आश्वासनांमागे पैसा लावण्याआधी हे प्रकरण प्रत्येकाने आठवावे.

बाजारात कडकनाथ म्हणून मिळणारे काळे पिल्लू बरेचदा ब्लॅक ऑस्ट्रलॉर्पचे असते. दोन्हींची लव काळी आणि दोन्हींच्या पायाच्या नळ्या गडद. फरक कातडीत आहे. ऑस्ट्रलॉर्पची कातडी पांढरी असते. पिल्लू उलटे करून पायाचा तळवा बघा: ऑस्ट्रलॉर्पचा तळवा पांढरट किंवा गुलाबी असतो. हलक्या हाताने चोच उघडा: जीभ आणि टाळू गुलाबी दिसले तर तो कडकनाथ नाही. पोटावरची लव फुंकर मारून बाजूला करा: कडकनाथची कातडी तिथेही काळसर-राखाडी असते. ऑस्ट्रलॉर्पच्या पोटाखाली आणि पंखांच्या टोकाला पांढरट-पिवळी लवही असते. कडकनाथच्या पिल्लाची लव निळसर ते काळी असते आणि पाठीवर अनियमित गडद पट्टे असू शकतात. मोठेपणी कडकनाथचा तुरा आणि गळ्याखालची लोंबती कातडी जांभळट-काळी राहते, ऑस्ट्रलॉर्पची लालभडक होते.

बोटे इथेही मोजावीत. कातडी काळी, पण पायाला पाच बोटे आणि नळीवर पिसे असतील तर ती सिल्की आहे, किंवा तिचा संकर. कडकनाथला चार बोटे आणि स्वच्छ नळी असते. पिसांच्या रंगावरून मात्र कडकनाथ नाकारू नका. त्यात पूर्ण काळ्याबरोबर सोनेरी आणि पांढरट छटेचे प्रकारही आहेत.

खरी अडचण अर्ध्या कडकनाथची असते. कातडीपासून हाडांच्या आवरणापर्यंत पसरणारा काळा रंग एका प्रबळ जनुकामुळे येतो. तेच जनुक सिल्कीत आणि इंडोनेशियाच्या अयाम सेमानीत आहे. पण पिवळ्या किंवा पांढऱ्या पायाच्या कोंबडीत हा रंग दाबून धरणारे दुसरे जनुक असते, आणि ते लिंगगुणसूत्रावर बसलेले असते. पक्ष्यांत आईचे ते गुणसूत्र फक्त मुलग्यांना जाते. त्यामुळे शुद्ध कडकनाथ कोंबडा आणि पिवळ्या पायाची गावरान कोंबडी यांच्या पिल्लांत माद्या गडद निघतात, नर मात्र फिकट. एकाच खेपेतल्या तलंगा काळ्या कातडीच्या आणि कोंबडे फिक्या कातडीचे, लाल तुऱ्याचे असा सरसकट भेद दिसला, तर ती पहिल्या पिढीचा संकर असण्याची दाट शक्यता आहे. दोन-तीन काळी पिल्ले पाहून अख्खा क्रेट घेऊ नये, त्याचे कारण हेच. हाताला येतील ती आठ-दहा पिल्ले उचलून प्रत्येकाचे तोंड आणि तळवा पाहू द्या असे विक्रेत्याला सांगा. तो नाही म्हणाला तर तुम्हीही नाही म्हणा.

संकर असणे हा काही दोष नव्हे. बरेलीजवळच्या इज्जतनगरातील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने कडकनाथच्या संकरातून 'कॅरी श्यामा' आणि असीलच्या संकरातून 'कॅरी निर्भीक' हे पक्षी मुद्दाम तयार केले आहेत. संकर शुद्ध म्हणून, शुद्धाच्या भावाने विकणे हा दोष आहे. आणि तुमच्या हाती ऑस्ट्रलॉर्प आली असेल तर हळहळू नका. १९२२-२३ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या चाचणीत या जातीच्या सहा कोंबड्यांनी ३६५ दिवसांत १,८५७ अंडी दिली होती. घरच्या अंड्यांसाठी ती कडकनाथपेक्षा कितीतरी उजवी आहे. कडकनाथ वर्षाला शंभराच्या आसपास अंडी देते. ती अंडीही काळी नसतात, फिकट तपकिरी असतात. काळी अंडी दाखवून कोणी भाव सांगत असेल तर त्याच्याकडून काहीच घेऊ नका.

नर की मादी

अंड्यांसाठी पिल्ले घेणाऱ्याला जातीइतकाच हा प्रश्न महत्त्वाचा आहे. अंड्यांच्या जातींची पिल्ले उबवणी केंद्रात पहिल्याच दिवशी निवडली जातात. माद्या अंडी उत्पादकांकडे जातात, नर मिळेल त्या भावाने विकले जातात. म्हणून एकसारखी पिवळी, देखणी आणि आश्चर्य वाटावे इतकी स्वस्त पिल्ले कोणी 'अंड्याची जात' म्हणून देत असेल, तर ती बहुधा सगळी नर असतात. तपकिरी अंडी देणाऱ्या अनेक व्यापारी संकरांत रंगावरून लिंग कळते. तांबूस लवेच्या माद्या, फिकट पिवळसर नर. त्या संकराच्या नावावर कोणी फक्त फिकट पिल्ले दाखवली तर समजून जावे.

पंखांच्या पिसांची लांबी पाहून नर-मादी सांगणारे लोक भेटतात. ती युक्ती मुद्दाम त्यासाठी केलेल्या संकरांतच चालते, गावरान किंवा मिश्र पिल्लांत नाही. तिथे पाचव्या-सहाव्या आठवड्यात तुरा कोणाचा आधी लाल होतो आणि पुढे मानेवर, पाठीवर टोकदार चकचकीत पिसे कोणाला येतात, याची वाट पाहणेच बरे.

नोंद कशी ठेवावी

मिश्र पिल्ले असतील तर पहिल्या दिवशीच सारखी दिसणारी वेगळी करा. एका गटाच्या पायाला लाल दोरा, दुसऱ्याच्या निळा. दोरा सैल बांधा आणि दर चार दिवसांनी बदला, नाहीतर वाढत्या पायात रुततो. दर आठवड्याला त्याच वारी, सकाळी खाद्य घालण्याआधी, प्रत्येक गटातली चार-पाच पिल्ले तोला आणि वहीत लिहा. दर वेळी तीन फोटो काढा: बाजूने पूर्ण पक्षी, समोरून तुरा, आणि पायाची नळी बोटांसकट. फोटो सावलीत पण उजेडी जागी काढा, कारण पिवळ्या दिव्याखाली पांढरी नळीही पिवळी दिसते.

हे सगळे घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जा. एका दिवसाच्या पिल्लाचा एकच फोटो दाखवून जात विचारली तर कोणताही जाणकार अंदाजच सांगणार. सहा आठवड्यांची वजने आणि फोटो पाहून मात्र तो बऱ्याच खात्रीने बोलू शकतो. अंडी सुरू झाल्यावर कवचाचा रंगही लिहून ठेवा. लेगहॉर्नचे अंडे पांढरे असते, ऱ्होड आयलंड रेड, ऑस्ट्रलॉर्प, ग्रामप्रिया यांचे तपकिरी, गावरानचे बहुधा दुधाळ ते फिकट तपकिरी. कोंबडी खुडूक बसते का, हीसुद्धा मोठी खूण आहे. गावरान हमखास बसते. भरपूर अंड्यांसाठी घडवलेल्या पक्ष्यांत ती सवय जवळजवळ उरलेली नाही.

ओळख पटेपर्यंत नवी पिल्ले घरच्या कोंबड्यांपासून दूर ठेवा, निदान तीन आठवडे, आणि त्यांची भांडी, तूस, पाणी वेगळे असू द्या. दारावरच्या पिल्लांना कोणती लस टोचली आहे हे सांगणारा कागद सहसा मिळत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यातच पशुवैद्यकांना विचारून मानमोडीची लस देऊन घ्या. जात कोणतीही असो, मानमोडी आली तर सगळा कळप जातो.

पुढच्या वेळी पिल्ले घेताना पशुसंवर्धन विभागाच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रात आधी नाव नोंदवावे. पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे अशी केंद्रे आहेत. खासगी उबवणी केंद्रातून घेणार असाल तर पावतीवर पक्ष्याचे नाव, उबवणीची तारीख आणि दिलेली लस लिहून मागा, आणि शक्य असेल तर पिल्लांचे आई-बाप बघून या. शेजाऱ्याच्या वनराज कोंबड्यांच्या अंड्यांतून काढलेली पिल्ले कोणी 'वनराज' म्हणून देऊ केली, तर ती परसासाठी घ्यायला हरकत नाही, पण वनराजच्या भावाने घेऊ नका. संकराची पुढची पिढी आई-बापांसारखी एकसारखी निघत नाही. त्यांतली काही झपाट्याने वाढतील, काही गावरानसारखी रेंगाळतील, आणि त्यांची वही पुन्हा पहिल्या पानापासून लिहावी लागेल.